कुलाब्याची चुंबकसूची आणि उष्ण ताऱ्यांची चुंबकीय क्षेत्रे

१. प्रास्ताविक

सूर्याहून आठपट किंवा त्याहूनही अधिक वस्तुमानाच्या उष्ण ताऱ्यांपैकी काहींच्या पृष्ठभागी सहस्रावधी गाउस इतके प्रबल चुंबकीय क्षेत्र असते, ही गोष्ट आज निर्विवाद ठरली आहे. ती निर्विवाद ठरण्यास मात्र फार काळ लागला. सूर्यावरील डागांचे चुंबकत्व १९०८ मध्ये उघडकीस आले. सूर्येतर ताऱ्याचे १९४७ मध्ये. आणि ज्यांना वर्णपटशास्त्रात 'ओ' वर्गाचे म्हणतात, त्या अत्युष्ण ताऱ्यांपैकी पहिल्याचे थेट २००२ मध्ये. या विलंबाचे कारण काय, आणि या शोधाशी आपल्या प्रदेशाचा संबंध कितपत पोहोचतो, हे दोन प्रश्न प्रस्तुत लेखात विचारासाठी घेतले आहेत.

दुसऱ्या प्रश्नाने वाचकास किंचित आश्चर्य वाटेल. महाराष्ट्रातील चुंबकीय निरीक्षणांचा इतिहास म्हटला की कुलाबा व अलिबाग येथील वेधशाळांचा उल्लेख होतो आणि तो भूचुंबकत्वाच्या प्रकरणात बंद होतो. ताऱ्यांच्या चुंबकत्वाचा इतिहास पाश्चात्त्य पर्वतशिखरांवरील दुर्बिणींच्या नावे लिहिला जातो. ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून वाचली तर त्यांत एकच प्रश्न आढळतो. मोजावयाची राशी अतिशय क्षीण आहे आणि तिच्याभोवतीचा गोंगाट तिच्याहून कितीतरी पटींनी मोठा आहे. अशा स्थितीत दिसलेली गोष्ट खरी केव्हा मानावी, आणि न दिसलेली गोष्ट नाही असे केव्हा म्हणावे, हा तो प्रश्न होय.

२. कुलाबा व अलिबाग

मुंबईच्या कुलाबा येथील वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केली. तेथे चुंबकीय निरीक्षणांस १८४१ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक आर्थर ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली आरंभ झाला. पुढे महाराष्ट्रात आधुनिक ज्योतिर्गणिताचे प्रवर्तक म्हणून ज्यांची ख्याती झाली, ते केरो लक्ष्मण छत्रे याच वेधशाळेत ऑर्लेबार यांच्या हाताखाली साहाय्यक होते. टांगलेल्या चुंबकाचे विचलन डोळ्यांनी पाहून ठरलेल्या वेळी वहीत नोंदवावयाचे, असे त्या काळच्या कामाचे स्वरूप होते. काम कंटाळवाणे होते. पण त्यात खंड पडू द्यावयाचा नाही हा दंडक होता.

या दंडकाचे फळ २ सप्टेंबर १८५९ रोजी दिसले. त्या दिवशी पृथ्वीवर आलेल्या विख्यात चुंबकीय वादळाच्या वेळी कुलाब्याच्या नोंदींत क्षितिजसमांतर क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घटल्याचे आढळते. १६०० नॅनोटेस्ला म्हणजे ०.०१६ गाउस, ताऱ्यांच्या क्षेत्रांपुढे ही राशी नगण्य आहे. तथापि त्या वादळाचे परिमाण ठरविण्यास उपयोगी पडलेल्या मोजक्या नोंदींपैकी ही एक असून, तिचे आधुनिक विश्लेषण २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. नोंद करणाऱ्या निरीक्षकास आपल्या आकड्यांचा उपयोग एकशे चव्वेचाळीस वर्षांनी होईल याची कल्पना असणे शक्य नव्हते. त्याने नियत काम नियत रीतीने केले, एवढेच.

वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी १८९६ मध्ये सूत्रे हाती घेतली, आणि थोड्याच वर्षांत त्यांच्यापुढे एक विलक्षण अडचण उभी राहिली. मुंबईत १८७४ पासून घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या ट्रॅमगाड्या विजेवर चालविण्याची योजना पुढे आली. ट्रॅमचा विद्युत्प्रवाह रुळांतून परत जातो, परंतु त्याचा काही अंश जमिनीत झिरपतो. गाडी सुरू होते, थांबते, वेग घेते. त्याबरोबर हा झिरपलेला प्रवाहही क्षणोक्षणी बदलतो आणि आपले स्वतःचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. असा प्रवाह आसपास असता कुलाब्याच्या सूक्ष्मग्राही चुंबकाने सूर्याचे वृत्त सांगावे की ट्रॅमचे?

यावर वेधशाळा हलविणे हाच उपाय ठरला. मुंबईपासून दक्षिणेस सुमारे तीस किलोमीटरवर, खाडीपलीकडील अलिबाग येथे, चुंबकीय गुण नसलेला दगड वापरून नवी इमारत उभारण्यात आली आणि १९०४ मध्ये तेथे नोंदी सुरू झाल्या. येथे मूस यांच्या दूरदृष्टीची एक गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे. अलिबागची वेधशाळा सुरू होताच कुलाब्याची बंद केली नाही. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेण्यात आली, दोन्हींतील फरक ठरविण्यात आला, आणि मगच कुलाब्याची मालिका अलिबागच्या मालिकेस जोडण्यात आली. मुंबईची पहिली विजेची ट्रॅम ७ मे १९०७ रोजी धावली. तोपर्यंत जोडणीचे काम पुरे झाले होते. ही दोन वर्षे वाचविली असती तर आधीच्या साठ वर्षांच्या नोंदी व नंतरच्या नोंदी या दोन परस्परांशी असंबद्ध मालिका झाल्या असत्या.

मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील कुलाब्याची चुंबकीय सामग्री १९१० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केली. त्यात त्यांनी अनुसरलेली एक पद्धती आपल्या विषयास जवळची आहे. एकेका चुंबकीय वादळाचा आलेख वेडावाकडा असतो. त्यावरून सामान्य नियम काढणे अवघड. मूस यांनी अनेक वादळे त्यांच्या आरंभक्षणापासून मोजून एकमेकांवर ठेवली आणि त्यांची सरासरी काढली. प्रत्येक वादळातील आकस्मिक भाग परस्परांस छेदून नाहीसा झाला आणि सर्वांना समान असलेला क्रम वर आला. हीच कल्पना, अगदी निराळ्या सामग्रीवर, उष्ण ताऱ्यांच्या बाबतीत निर्णायक ठरावयाची होती.

३. पुणे आणि मृगातील तेजोमेघ

कुलाब्यात मूस चुंबकाचे विचलन मोजीत होते, त्या सुमारास पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात कावसजी दादाभाई नायगमवाला ताऱ्यांचे वर्णपट तपाशीत होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीच्या साह्याने १८८८ मध्ये उभ्या राहिलेल्या या वेधशाळेत वीस इंच व्यासाची परावर्तक दुर्बीण होती. नायगमवाला यांनी १८९१ मध्ये मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटावर काम केले. त्या मेघाच्या प्रमुख हिरव्या रेषेविषयी लॉकियर यांचा असा पक्ष होता की, ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष असावी. नायगमवाला यांस ती रेषा सर्व अवस्थांत तीक्ष्ण व अरुंद आढळली. पट्ट्याची खूण दिसली नाही. ती दुहेरी आयनीभूत ऑक्सिजनची आहे, हे पुढे १९२७ मध्ये बोवेन यांनी दाखविले.

हा मेघ ज्या ताऱ्यांच्या जंबुपार किरणांमुळे प्रकाशतो, त्यांत थीटा-१ ओरायनिस सी हा तारा प्रमुख आहे, आणि 'ओ' वर्गातील ज्या ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र सर्वप्रथम मोजले गेले तो हाच होय. यावरून नायगमवाला यांस चुंबकीय ताऱ्याची चाहूल लागली होती असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. त्या वर्षी झीमान परिणामाचाच शोध लागलेला नव्हता. तो १८९६ मधील. म्हणावयाचे ते एवढेच की, रेषेची रुंदी व तीक्ष्णता काळजीपूर्वक पाहण्याची जी शिस्त पुण्यात अंगी बाणली होती, तिच्याच जोरावर पुढे ताऱ्यांचे चुंबकत्व सापडले. पुण्यातील ती परंपरा मात्र टिकली नाही. नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनाल येथे रवाना झाली.

४. उष्ण ताऱ्यांची अडचण

चुंबकीय क्षेत्रात वर्णपटातील रेषा विभागली जाते व तिचे घटक ध्रुवित होतात, हा झीमान परिणाम. त्याचा उपयोग करून हेल यांनी १९०८ मध्ये सूर्याच्या डागांत सुमारे तीन हजार गाउसपर्यंतची क्षेत्रे दाखविली. होरेस बॅबकॉक यांनी १९४७ मध्ये कन्या राशीतील ७८ क्रमांकाच्या ताऱ्याचे क्षेत्र जाहीर केले आणि १९५८ मध्ये चुंबकीय ताऱ्यांची सूची प्रसिद्ध केली. बॅबकॉक यांनी निवडलेले तारे बहुतांशी 'ए' वर्गातील, विचित्र रासायनिक घटनेचे व तीक्ष्ण रेषांचे होते. ही निवड सहेतुक होती. तीक्ष्ण रेषा नसेल तर त्यांच्या उपकरणास काहीच दिसले नसते.

याचे गणित सोपे आहे. पाच हजार अँगस्ट्रॉम तरंगलांबीची रेषा घ्या. एक हजार गाउस क्षेत्रात तिचे विस्थापन, लांदे गुणक एक धरल्यास, सुमारे ०.०१२ अँगस्ट्रॉम होते. आता तारा सेकंदास शंभर किलोमीटर वेगाने स्वतःभोवती फिरत असेल, तर डॉप्लर परिणामामुळे तीच रेषा दोन्ही बाजूंस सुमारे १.७ अँगस्ट्रॉमने पसरते. पसरट रेषेची अर्धी रुंदी चुंबकीय विस्थापनाच्या सुमारे १४० पट झाली. उष्ण तारे बहुधा वेगाने फिरतात. शिवाय अत्युष्ण वातावरणात बहुतेक मूलद्रव्ये आयनीभूत झाल्यामुळे दृश्य वर्णपटात रेषाही थोड्याच उरतात. तेव्हा रेषेचे विभाजन पाहण्याची आशा सोडून, रेषेच्या दोन बाजूंमधील वर्तुळ ध्रुवणाचा सूक्ष्म फरक मोजणे एवढाच मार्ग राहतो.

या मार्गाने पहिले ठोस यश १९७८ मध्ये लँडस्ट्रीट व बोरा यांस मिळाले. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाच्या शेजारी असलेल्या सिग्मा ओरायनिस ई या 'बी' वर्गाच्या, हेलियमसमृद्ध ताऱ्यावर त्यांना प्रबल क्षेत्र आढळले. खरा पालट घडला तो १९९७ मध्ये, दोनाती व त्यांचे सहकारी यांनी मांडलेल्या पद्धतीने. एका रेषेतील ध्रुवण गोंगाटात बुडालेले असते. पण वर्णपटातील सर्व उपयुक्त रेषा वेगाच्या एका समान मापावर आणून, योग्य भार देऊन एकत्र केल्या तर गोंगाट कमी होतो व समान आकृती वर येते. मूस यांनी वादळांच्या बाबतीत जे केले, त्याच्याशी हिचे तात्त्विक साम्य उघड आहे. या पद्धतीचा मूस यांच्या कामाशी ऐतिहासिक संबंध आहे असा दावा येथे नाही. एकाच स्वरूपाच्या अडचणीतून दोन स्वतंत्र क्षेत्रांत एकाच स्वरूपाचा उपाय निघाला, ही नोंद मात्र अवश्य करावी.

५. होकार, नकार आणि खोटे होकार

यानंतर शोध वेगाने लागत गेले. २००२ मध्ये थीटा-१ ओरायनिस सी, सुमारे ११०० गाउसच्या द्विध्रुवी क्षेत्रासह. २००६ मध्ये वृश्चिक राशीतील टाऊ हा तारा. त्याचे क्षेत्र सुमारे ५०० गाउसचे, पण साध्या द्विध्रुवाहून गुंतागुंतीचे. २०१२ मध्ये एनजीसी १६२४-२ या 'ओ' ताऱ्यावर सुमारे वीस हजार गाउस. २०२३ मध्ये एचडी ४५१६६ या हेलियमप्रधान उष्ण ताऱ्यावर ४३ हजार गाउस.

ही यादी वाचून उष्ण तारे सर्रास चुंबकीय असतात असा ग्रह होईल. वस्तुस्थिती उलट आहे. हवाई बेटावरील ३.६ मीटर दुर्बीण व तिच्यासारखी अन्य साधने वापरून जे मोठे सर्वेक्षण झाले, त्यात 'ओ' वर्गाच्या ९७ ताऱ्यांपैकी केवळ सहांचे क्षेत्र निश्चित झाले. निघालेले प्रमाण शेकडा सात, अनिश्चितता तीनची. येथे नकाराचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. 'क्षेत्र आढळले नाही' म्हणजे 'या वेधाच्या मर्यादेहून मोठे क्षेत्र बहुधा नाही' एवढेच. मर्यादेच्या खाली काय आहे ते त्या वेधास ठाऊक नसते.

खोट्या होकारांचे प्रकरण याहून बोधप्रद आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चिली देशातील एका मोठ्या दुर्बिणीवरील वेधांच्या आधारे पुष्कळ उष्ण ताऱ्यांत क्षीण क्षेत्रे असल्याचे प्रसिद्ध झाले. २०१२ मध्ये त्याच जतन केलेल्या सामग्रीचे एकसूत्री पुनर्परीक्षण झाले, तेव्हा त्यांपैकी अनेक दावे टिकले नाहीत. उपकरणातील लहानसहान विकृतींचा व रूपांतरणाच्या पद्धतीचा परिणाम मूळ त्रुटिमर्यादेत पुरेसा धरला गेला नव्हता. कुलाब्याचा चुंबक ट्रॅमचे वृत्त सांगू लागला असता, त्याच जातीची ही चूक होय. येथे ट्रॅम उपकरणाच्या आतच होती. ती उघडकीस आली याचे श्रेय मूळ सामग्री जतन करणाऱ्यांस आहे.

या क्षेत्रांचे मूळ काय, हा वाद अद्याप चालू आहे. सूर्याच्या बाह्य थरांत अभिसरण चालते व त्यातून क्षेत्र सतत निर्माण होते. उष्ण ताऱ्यांचे बाह्य थर शांत असतात. तेथे ही यंत्रणा चालत नाही. म्हणून ही क्षेत्रे जन्मकाळापासूनचे अवशेष मानण्याचा पक्ष प्रबळ आहे. दोन तारे एकमेकांत विलीन होऊन क्षेत्र उत्पन्न होते हा दुसरा पक्ष. २०१९ मधील गणिती प्रतिकृतींनी त्यास बळ मिळाले. चुंबकत्वाचा परिणाम मात्र वादातीत आहे. ताऱ्यापासून निघणारा वारा क्षेत्ररेषांत अडकतो आणि ताऱ्याच्या परिवलनास खीळ घालतो. सिग्मा ओरायनिस ई या ताऱ्याचा १.१९ दिवसांचा परिवलनकाल दरवर्षी सुमारे ७७ मिलिसेकंदांनी वाढत असल्याचे २०१० मध्ये दाखविण्यात आले.

६. खोडद

आता पुन्हा महाराष्ट्राकडे वळू. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावानजीक खोडद येथे, गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभारण्यात आली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची ही रचना सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात विखुरलेली आहे.

चुंबकीय उष्ण तारे रेडिओलहरी पाठवितात हे १९८७ पासून ज्ञात होते. २००० मध्ये कन्या राशीतील सीयू या ताऱ्याचे तीव्र, वर्तुळ ध्रुवित व परिवलनाशी नियमित निगडित असे स्पंद आढळले. क्षेत्ररेषांभोवती फिरणारे इलेक्ट्रॉन एकसंगतीने प्रारण सोडतात असे त्याचे स्पष्टीकरण. या प्रारणाची कंप्रता क्षेत्राच्या प्रमाणात असते: दर गाउसास २.८ मेगाहर्ट्‌झ. खोडदच्या दुर्बिणीवरील ६१० मेगाहर्ट्‌झचा वेध म्हणजे ताऱ्याभोवतीच्या सुमारे २२० गाउस क्षेत्राच्या थरातून आलेले वृत्त. कंप्रता कमी करीत गेले की ताऱ्यापासून अधिकाधिक दूरचा थर वाचता येतो.

पूनम चंद्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये या दुर्बिणीने अशा ताऱ्यांचे ६१० मेगाहर्ट्‌झवरील प्रारण प्रसिद्ध केले. एचडी १३३८८० या ताऱ्याचे स्पंद एकसंगत असल्याचे बर्नाली दास व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये सिद्ध केले. २०२२ पर्यंत या प्रकारचे ज्ञात तारे पंधरा झाले, त्यांपैकी अकरा खोडदच्या वेधांतून सापडलेले आहेत. जे दुर्मीळ वाटत होते ते उष्ण चुंबकीय ताऱ्यांपैकी निदान शेकडा ३२ मध्ये असावे, असा अंदाज त्यावरून निघाला. हे तारे मुख्यतः 'बी' व 'ए' वर्गांतील आहेत. 'ओ' ताऱ्यांचा दाट आयनीभूत वारा रेडिओलहरी गिळतो, त्यामुळे तेथे ही पद्धती तितकी चालत नाही.

या पद्धतीत एक मार्मिक पूरकता आहे. स्पंद चुंबकीय अक्षास जवळजवळ लंब दिशेने निघतात; म्हणून ते पृथ्वीवर पोहोचतात ते आपल्या दृष्टिरेषेतील सरासरी क्षेत्र शून्याजवळ असताना. वर्णपटाच्या वेधास ज्या क्षणी काहीच दिसत नाही, नेमक्या त्याच सुमारास रेडिओ दुर्बिणीस तारा सर्वाधिक तेजस्वी दिसतो. एका पद्धतीचा नकार दुसऱ्या पद्धतीचा होकार ठरावा, याचे याहून स्पष्ट उदाहरण देता येणार नाही.

७. समारोप

मुंबईहून वसईकडे जाणारा लोहमार्ग पाहा. बोरिवली-विरार हा टप्पा १९३६ मध्ये विजेवर आला. भाईंदरच्या केबिन रोडसारख्या, या मार्गाच्या सान्निध्यातील दाट वस्तीत आज कोणी मूस यांचा चुंबक टांगला, तर तो दिवसभर लोकलगाड्यांचे वेळापत्रक लिहीत बसेल. गाड्यांवाचून त्या वस्तीचे चालणार नाही. तशी अपेक्षाही कोणी करू नये. पण वेध घेण्यास निवांत जागा लागते, आणि ती राखावी लागते, हेही तितकेच खरे. १९०० च्या सुमारास ट्रॅमने जो प्रश्न उभा केला, तोच नियोजित पुणे-नाशिक द्रुतगती लोहमार्गाच्या आखणीने खोडदच्या दुर्बिणीबाबत आपल्या काळात पुन्हा उभा केला. फरक आहे तो हा की, चुंबकीय वेधशाळा खाडीपलीकडे नेता आली. पंचवीस किलोमीटर पसरलेल्या तीस तबकड्या उचलून नेता येणार नाहीत.

अलिबागची वेधशाळा १९७१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या आधिपत्याखाली चालते. खोडदचे जुने वेध ठराविक मुदतीनंतर संशोधकांस खुले होतात. तेव्हा या विषयात काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास प्रथम दुर्बिणीवर वेळ मागण्याची गरज नाही. ज्ञात परिवलनकालाचा एखादा चुंबकीय तारा घ्यावा, अन्य हेतूने घेतलेल्या जुन्या वेधांत त्याच्या क्षेत्राच्या शून्यक्षणी काय नोंदले गेले ते पाहावे. काही न आढळल्यास मर्यादेसह तसे लिहावे. कुलाब्याच्या १८५९ मधील निरीक्षकाने याहून निराळे काही केले नव्हते.